खोकून दाखवा, असे अण्णांना कोणी म्हटले नाही

प्रथम तारखा. त्या पंचांगाच्या देतो, कारण ज्या घरात हे घडले त्या घरातील इंदिराअक्कांना त्या अशाच पाठ आहेत.

श्रावणातला पहिला सोमवार: दत्तात्रय वेदपाठक, धंदा सोनारकाम, राहणार हुबळी, यांच्या उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग शस्त्रक्रिया करून काढण्यात आला. त्याच आठवड्याचा रविवार: वेदना कमी करण्यासाठी त्यांच्या पाठीत बसवलेली बारीक नळी निसटली; ती पुन्हा बसवण्यात आली नाही. त्यापुढचा गुरुवार: ताप. गणपतीच्या आधीचा शुक्रवार: प्रकृती समाधानकारक असल्याचे लिहून घरी रवानगी. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार: मृत्यू.

आता जबाबदार. क्रमांक एक, ते भूलतज्ज्ञ, ज्यांच्याकडे ती नळी होती आणि जे रविवारी येत नसत. क्रमांक दोन, शल्यविशारद. त्यांच्या सुरीविरुद्ध माझी तक्रार नाही. सुरी खाली ठेवल्यानंतर त्यांनी जे पाहिले नाही त्याबद्दल आहे. क्रमांक तीन, वॉर्डात वेदना विचारण्याची जी पद्धत आहे ती. पद्धत म्हणजे इसम नव्हे, तिला नोटीस बजावता येत नाही, हे मी जाणतो. सबब तिच्या जागी ती ठरवणारे वैद्यकीय अधीक्षक. परिचारिकांची नावे मी या यादीत घातलेली नाहीत. एकेका मुलीवर अर्धा वॉर्ड टाकायचा आणि चूक झाली की तिलाच पुढे करायचे, हा प्रकार मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार असताना शिपायांच्या बाबतीत पुष्कळ पाहिला आहे. इस्पितळाचे नावही लिहीत नाही. ते ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

या तारखांमधून दत्तूअण्णा दिसत नाहीत. इस्पितळाच्या कागदांतूनही दिसत नाहीत, आणि माझ्या मते सगळा अपराध तेथूनच सुरू झाला. म्हणून आधी माणूस मांडतो. फिर्याद मागून येईलच.

आमच्या दोघांच्या घरांची मागची दारे एकाच बोळात उघडत. पुढची दारे मात्र वेगळ्या रस्त्यांना. त्यामुळे लौकिक अर्थाने आम्ही शेजारी नव्हतो आणि प्रत्यक्षात आयुष्यभर होतो. त्यांचे आजोबा कोल्हापूरकडून आलेले. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचे दुकान. दुकान कसले, एक फळी, एक ऐरण, एक शेगडी आणि भिंतीला टेकून बसलेले अण्णा. गिऱ्हाइकाशी कानडी, बायकोशी मराठी, देवाशी थोडेबहुत संस्कृत आणि सोन्याशी शिव्या, अशी त्यांच्या भाषांची वाटणी होती. मला ते कधी नावाने हाक मारीत नसत. मी धारवाडच्या कोर्टातून निवृत्त होऊन किती वर्षे लोटली तरी "काय शिरस्तेदार, आज कुणाला पत्र?" हीच त्यांची सकाळची सलामी. मी म्हणे, पालिकेला. "पाण्यासाठी?" होय. "मग पाणी येईल हो, पण तुमच्या पत्राला घाबरून नळातनं बाहेर पडायचं नाही." हे बोलून स्वतःच इतके हसत की शेजारचा कासार बाहेर डोकावे.

अण्णा विनम्र नव्हते. हे आवर्जून लिहितो, कारण माणूस गेला की त्याला विनम्र करून टाकण्याची आपल्याकडे घाई असते. अण्णा आपल्या हाताविषयी बढाया मारीत, दुसऱ्यांच्या कामाला नावे ठेवीत, आणि एखाद्या सराफाचे नाजूक नक्षीकाम समोर आले तर चष्मा कपाळावर चढवून विचारीत, "हे घडवलंय की चावलंय?" त्यांना सगळ्यात मोठा गर्व होता तो फुंकणीचा. डाख लावण्यासाठी, म्हणजे सोन्याचे दोन तुकडे जोडण्यासाठी, हल्ली सगळे कारागीर गॅसची ज्योत वापरतात. अण्णा दिवा लावून वाकड्या पितळी फुंकणीनेच ज्योत वळवीत. त्यांचे गाल दोन बाजूंनी लिंबांसारखे फुगत, आणि फुंकर तुटतच नसे. नाकाने श्वास आत चाललेला असे आणि गालांतून बाहेर, एकाच वेळी. गाल म्हणजे त्यांचा भाता. छाती मुळीच हलत नसे. हलली तर ज्योत थरथरते आणि डाख नको तेथे पसरतो. "गॅस म्हणजे भाड्याचा श्वास," ते म्हणत. "सिलिंडर संपला, कारागीर संपला."

या गालांच्या जोरावर त्यांनी एकदा गल्लीच्या गणपतीत एका पैलवानाला हरवले होते. आरतीनंतर शंख कोण जास्त वेळ वाजवतो अशी पैज लागली. तालमीतला तो तरणा गडी. शर्ट काढून, छाती भरून उभा राहिला. वाजवून वाजवून त्याचा चेहरा लाल झाला, शेवटी शंख खाली ठेवून तो खांबाला टेकला. अण्णांनी धोतर सावरले, शंख तोंडाला लावला आणि तो वाजतच राहिला. बायका हसू लागल्या, पोरे नाचू लागली, पुजारी म्हणाला, "अण्णा, साक री, साक!" म्हणजे पुरे. शंख खाली ठेवून अण्णा पैलवानाला म्हणाले, "बाळ, छाती असते दाखवायला. फुंकायला गाल लागतात." त्यात थोडी लबाडी होती हे त्यांना मान्य होते. "लबाडी नव्हे हो, कसब," असे ते म्हणत, आणि डोळा मिचकावीत.

दुसरी एक सवय. कुणाचेही सोने त्याच्या गैरहजेरीत वितळवायचे नाही. मालकाने शेगडीसमोर पाटावर बसायचे आणि मुशीत डोळे लावायचे. एकदा एका मोठ्या कापडदुकानदाराच्या पत्नी पाटल्या देऊन म्हणाल्या, "अण्णा, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, मी बाजार करून येते." त्या वळल्या तशी अण्णांनी शेगडी विझवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. बाई परत आल्या तर पाटल्या जशाच्या तशा. बाई संतापल्या. अण्णा म्हणाले, "विश्वास आहे म्हणता, तर तो इथं पाटावर बसून ठेवा की. बाजारात फिरून कसला विश्वास ठेवता?" बाई बसल्या. उन्हाळ्याचे दिवस होते, बसून घामाघूम झाल्या, पण जाताना म्हणाल्या, "सोनं वितळताना पहिल्यांदा पाहिलं." अण्णांना हे वाक्य फार आवडले. ते त्यांनी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवले.

आणि तिसरी, जिच्यामुळे हे सगळे लिहिणे भाग पडले. त्यांचे वडील त्यांना लहानपणी शेगडीजवळ बसवून एकच गोष्ट शिकवीत: मूस चिमट्यात असताना चटका बसला तर हलायचे नाही. ओरडायचे नाही, हात झटकायचा नाही. हललास तर वितळलेले सोने सांडेल, आणि ते तुझे नव्हे. ही शिकवण अण्णांच्या हाडांत उतरली होती. मी स्वतः पाहिले आहे: ठिणगी उडून मनगटावर बसली, कातडीचा वास आला, आणि अण्णा तसेच, पुतळ्यासारखे. मूस खाली ठेवली, सोने साच्यात उतरले, आणि मग त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरून फक्त "हं" म्हटले. इतर माणसे दुखले की हलतात. अण्णा दुखले की थिजत. जितके जास्त दुखे तितके जास्त थिजत. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते स्वस्थ पडले आहेत असेच वाटणार.

गेल्या चैत्रात त्यांना खोकल्यातून रक्ताची तार आली. तपासण्या झाल्या, उजव्या फुफ्फुसात गाठ. शल्यविशारदांकडे आम्ही तिघे गेलो: अण्णा, इंदिराअक्का आणि मी. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले, कानडी-मराठी दोन्ही येणारे. त्यांनी फुफ्फुसाचे चित्र काढून कोणता भाग काढणार ते दाखवले. बरगड्यांच्या मधून, पाठीकडून बगलेखाली, अशी चीर असणार. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. जगेन का, असे विचारले नाही. विचारले ते एवढेच:

"डॉक्टर, मला परत फुंकणी धरता येईल ना?"

डॉक्टरांना फुंकणी म्हणजे काय ते अक्कांनी समजावून सांगितले. डॉक्टर हसले. "अज्जा, उरलेलं फुफ्फुस पुरेसं आहे. दिवाळीला शंख वाजवा, मला ऐकायला बोलवा."

"बघा हं. शिरस्तेदार साक्षीला आहेत."

त्या एका वाक्यावर अण्णांनी होकार दिला. हे मी आज शपथेवर सांगण्यास तयार आहे. त्यांना जगायचे होते ते शेगडीसमोर. दुसरे कसलेही जगणे त्यांनी त्या खोलीत मागितले नव्हते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ वाईट होती, पण वेळेत सापडली, पूर्ण निघाली, पुढे औषधाचीही गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि त्या दिवशी मी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. ते आभार मी परत घेत नाही. पाठीतल्या नळीतून औषध चालू होते तोपर्यंत अण्णा अण्णाच होते. बगलेतून एक जाड नळी निघून खालच्या बाटलीत बुडबुडत होती. तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हुक्का लावून दिलाय बघा, तोही उलटा." छातीशी उशी घट्ट धरून ते खोकत, थुंकी काढीत, आणि पलीकडच्या खाटेवरच्या, अळणावर गावच्या शेतकऱ्याला त्याच्या बायकोच्या नथीची घडण कशी चुकली आहे ते समजावून सांगत.

रविवारी त्यांना खुर्चीवर बसवताना ती नळी निसटली. रविवारच्या डॉक्टरांनी सांगितले, भूलतज्ज्ञ सोमवारी येतील. सोमवारी भूलतज्ज्ञांनी लांबूनच सांगितले, आता इतके दिवस झालेच आहेत, गोळ्यांवर भागेल. मी विचारले, भागते आहे की नाही हे कोण पाहणार? ते म्हणाले, "सिस्टर विचारतात ना, दर पाळीला."

विचारत होत्या, हे खरे. मी ते अनेकदा ऐकले. अण्णा उताणे, उशांना टेकलेले, डोळे छताकडे. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी येई, हातात पेन.

"अज्जार, नोवु ऐतेन्री?" दुखतंय का?

"स्वल्प ऐत्री." थोडंसं आहे.

"दहापैकी किती, अज्जा?"

"दोन लिवा."

दोन लिहिले जाई. आणि ते दोन खोटे नव्हते! यावर मी माझ्या सर्व शक्तीनिशी बोट ठेवतो. श्वास अर्धा घेऊन, अंग न हलवता, मुशीसमोर बसल्यासारखा पडलेला माणूस त्या क्षणी दोनच म्हणेल. त्याला कोणी म्हटले असते, अज्जा, आता खोका, आणि मग सांगा किती, तर त्याला उत्तर देताच आले नसते; कारण खोकला येऊ लागला की त्याचे ओठ पांढरे पडत आणि तो खोकला गिळून टाकी. मी ते पाहिले आहे. अक्कांनी पाहिले आहे. छाती उघडलेल्या माणसाला न हलता दुखते किती हे विचारणे म्हणजे पाय मोडलेल्याला खाटेवर पडल्या पडल्या चाल कशी आहे असे विचारण्यासारखे आहे. ज्या माणसाने श्वास भरून खोकले नाही तर फुफ्फुसात कफ साचतो, त्याची खोकतानाची वेदना हीच मोजण्याची वेदना. हे मी आता पुस्तकातून वाचले. डॉक्टरांना ते शिकवलेले होते.

श्वासाचा व्यायाम घेणाऱ्या एक बाई मंगळवारी आल्या. त्यांच्याजवळ एक प्लास्टिकची पेटी होती. तिच्यात तीन रंगीत गोळे. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळे वर चढतात: एक, मग दोन, जोर असेल तर तिन्ही. श्वास सावकाश आणि खोल ओढायचा, गोळे वर धरून ठेवायचे, म्हणजे फुफ्फुस खालपर्यंत उघडते. बाईंनी नीट सांगितले. अण्णांनी पहिल्यांदा तसा प्रयत्न केला. पहिला गोळा हलला मात्र, तोच ते थिजले. कपाळावर घाम आला.

"अज्जा, असं नाही चालायचं. पलीकडच्या अज्जांचे दोन जातात."

कसबाच्या बाबतीत त्यांना पलीकडच्या अज्जांचे नाव सांगितले, तेथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा अण्णांच्या खाटेभोवती चारपाच माणसे उभी होती. अण्णांनी नळी ओठात धरली, गाल आत घेतले आणि टचकन् एक झटका दिला. तिन्ही गोळे खाडकन् वर! पुन्हा टचकन्. पुन्हा तिन्ही. "छलो, अज्जा, छलो!" म्हणजे छान. बाईंनी टाळी वाजवली. पलीकडचा शेतकरी म्हणाला, "ह्यो म्हातारा उद्या घरी जाणार." अण्णांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. वॉर्डातल्या सगळ्यांना बाईंनी अण्णांचे उदाहरण दिले. शल्यविशारद फेरीवर आले, त्यांनाही दाखवले गेले, ते म्हणाले, "वा! शंखवाले अज्जा," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

गोळे झटक्याला फसतात. हवा जोरात खेचली की ते चढतात, मग ती हवा ओंजळभर का असेना. गालांनी खेचलेली हवा फुफ्फुसापर्यंत पोहोचतच नाही. अण्णांनी आयुष्यभर छाती न हलवता गालांनी काम केले होते. त्यांनी छाती वाचवली आणि खेळ जिंकला. असली चूक करायला सोनारच लागतो. पण ती चूक पकडायला सोनार लागत नाही. नुसते गोळ्यांऐवजी माणसाकडे पाहावे लागते.

इंदिराअक्कांनी पाहिले. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असत, भेटीच्या वेळेपुरत्या. त्यांनी अण्णांच्या सदऱ्याकडे बोट दाखवून मला म्हटले, "भाऊ, ह्यांची छाती हलत नाही हो. गाल तेवढे हलतायत."

"सांगा सिस्टरना."

त्यांनी सांगितले. सिस्टर गडबडीत होती, तरी थांबली. "अक्का, तिन्ही गोळे वर जातात. हेच तर पाहिजे." मग अक्का अण्णांकडे वळल्या. "अहो, सांगा की त्यांना खरं. कशाला गंमत करताय?"

"गप गं. उगाच कशाला? दोनच तर दिवस काढायचे." आणि मग, श्वास तोडत, हळू, फक्त तिला ऐकू जाईल असे: "इंदू, आत ओढला की कुणीतरी बरगडी पिरगळतंय."

मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आले. मी तडक भूलतज्ज्ञांच्या दालनापाशी गेलो. ते शस्त्रक्रियेत होते. अधीक्षकांच्या दालनापाशी गेलो. तेथील कारकुनाने लेखी द्या म्हटले. लेखी दिले. त्याच कागदावर पोच घेतली. पोच आजही माझ्याजवळ आहे, अण्णा नाहीत.

गुरुवारी ताप चढला. उरलेल्या फुफ्फुसाचा तळाकडचा भाग मिटून गेला होता, त्यात कफ भरला होता. अतिदक्षता विभाग, नाकातोंडातून नळ्या, कफ ओढून काढणे. काचेच्या दारातून अक्का पाहत उभ्या राहत आणि मला म्हणत, "आपलं सोनं असतं तर ह्यांनी समोर बसवलं असतं. इथं आपलं माणूस आहे, तर आपल्याला बाहेर उभं केलंय."

ते घरी आले तेव्हा कागदावर समाधानकारक होते. ती शब्दयोजना कोणाच्या समाधानासाठी असते याचा शोध मी लावू शकलो नाही. घरी आलेले अण्णा असे: उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. छातीच्या त्या बाजूला सदरा टेकला तरी भाजल्यासारखे होई. म्हणून अक्कांनी सदऱ्याची उजवी बाजू कापून टाकली. आडवे झोपता येत नसे. भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागे तेवढाच. बोलणे तुटक झाले. सगळ्यांत वाईट म्हणजे, थट्टा संपली. थट्टेला हसावे लागते आणि हसायला छाती लागते. एकदा मी मुद्दाम म्हटले, "अण्णा, आज पाण्यासाठी पत्र लिहिलंय." त्यांच्या ओठांवर ते जुने काहीतरी आले, पोटातून निघाले, आणि वाटेतच अडले. त्यांनी हात वर करून मला थांबवले. पुढे मी त्यांच्यासमोर विनोद केला नाही.

दसऱ्यानंतर त्यांनी दुकान उघडवले. अक्कांच्या पायातले जोडवे तुटले होते, तेवढेच सांधायचे. दिवा लावला. फुंकणी ओठात धरली. गाल फुगले, तेच लिंबासारखे, आणि मला वाटले, जमले. ज्योत वळली. पण गालांना भरायला नाकातून श्वास आत यावा लागतो, आणि तो आत येऊन पुरेना. ज्योत कापू लागली. त्यांनी थांबून पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेला खोकला आला आणि त्यांनी तो गिळला. फुंकणी ऐरणीवर पडून खणकन् वाजली. ते बराच वेळ थिजून बसले. मग समोरच्या दुकानातल्या कारागिराला हाक मारायला सांगितले. त्याने गॅसची ज्योत आणून काम संपवले. अण्णांनी जोडवे हातात घेऊन सांधा पाहिला. मी वाट पाहत होतो की म्हणतील, हे घडवलंय की चावलंय.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. दुकानाची फळी लावून टाकायला सांगितली, आणि ती त्यांच्या हयातीत पुन्हा निघाली नाही.

डॉक्टरांनी दिवाळीला शंख ऐकायला बोलवा म्हटले होते. दिवाळी अंधारातच गेली असे नाही. अक्कांनी पणत्या लावल्या. अण्णा खोलीत बसून होते.

मृत्यूनंतर मी अधीक्षकांना पत्र पाठवले, पुन्हा पाठवले, आणि उत्तर आले. त्यात लिहिले आहे की नोंदींनुसार रुग्णाने तीव्र वेदनेची तक्रार केली नव्हती, वेदनेचा आकडा सतत दोन होता, श्वसनाच्या व्यायामास रुग्णाचा प्रतिसाद उत्कृष्ट होता, आणि नंतरच्या न्यूमोनियाचा शस्त्रक्रियेशी संबंध जोडता येत नाही. यातले पहिले तीन मुद्दे शब्दशः खरे आहेत. इतक्या खऱ्या वाक्यांतून एक माणूस कसा निसटून जातो, हे मी आयुष्यभर कागद हाताळूनही याआधी पाहिले नव्हते. थंडी पडली, छातीत कफ झाला, तो बाहेर काढण्यासाठी खोकावे लागत होते, आणि खोकणे त्यांना शक्य नव्हते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असे आहे. दुखण्याच्या भीतीने खोकता आले नाही, हे कारण लिहायला त्या दाखल्यात जागा नसते.

मी त्यांना घराबाहेर शेवटचे पाहिले ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. तपासणीसाठी इस्पितळात जायचे होते. मी कोप्पीकर रोडवर औषधांच्या दुकानापाशी उभा होतो. रस्ता नेहमीप्रमाणे उखडलेला. समोरून एक रिक्षा माणसाच्या चालीने येत होती. मागे मोटारी, भोंगे, शिव्या. रिक्षात अक्का एकट्या बसल्या होत्या, मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट. आणि रिक्षेच्या कडेने, एका हाताने तिचा दांडा धरून, दुसऱ्या हाताने छातीशी उशी दाबून, दत्तूअण्णा चालत होते. खड्ड्यातला प्रत्येक हिसका बरगड्यांत जात होता म्हणून ते उतरले होते. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणत होता, "अप्पा, हत्ती री, मेल्लक ओयतीनी." चढा हो, हळू नेतो. अण्णांचा सगळा श्वास चालण्याला लागत होता. मागच्या मोटारीतला एक जण ओरडला, "मिरवणूक आहे का?" पूर्वीचे अण्णा असते तर त्याला पुढच्या चौकापर्यंत पुरेल असे काही ऐकवले असते. त्यांनी मान वळवली नाही. मी पुढे होऊन दुसरी बाजू धरली आणि तसेच आम्ही पोहोचलो.

आत शल्यविशारदांनी एक्स-रे उजेडाला लावला. "अज्जा, एक्स-रे एकदम छान आहे."

अण्णांनी दम घेतला. थांबून थांबून, पण त्यांनी ते वाक्य पूर्ण केले.

"मग त्यालाच विचारा... झोप लागते का."

डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

मला पत्रोत्तर नको आहे. या शहरात सार्वजनिक सभागृहे आहेत. त्यांतल्या कोणत्याही एका सभागृहात, इंदिराअक्का पुढच्या रांगेत बसल्या असताना, अधीक्षकांनी उभे राहावे. अण्णांच्या पेटीतल्या रंगीत गोळ्यांबद्दल, आकड्याबद्दल, नोंदींबद्दल त्यांनी बोलू नये. ते सर्व मान्य आहे. त्यांनी एवढेच सांगावे: छाती फाडलेल्या माणसाला, खोका आणि मग सांगा किती दुखते, असे तुमच्या वॉर्डात आज सकाळी कोणी विचारले का? विचारले असेल तर कोणी, नाव सांगा. विचारले नसेल, तर अण्णांच्या त्या खाटेवर आत्ता जो पडला आहे त्याचे नाव सांगा. लोक ऐकत आहेत. बोला.